एकच ग्रंथ, दोन वाचने : मराठी मुलखातला यहुदी–ख्रिस्ती वाद

बेळगाव तालुक्यातले कडोली हे दर वर्षी मराठी साहित्य संमेलन भरवणारे गाव. या गावाला मध्य धरून नकाशा पाहिला तर तीन दिशांना तीन जुन्या मराठी-इंग्रजी पुस्तकांची ठिकाणे लागतात. हाकेच्या अंतरावर बेळगाव. तिथे १८३१ साली बाबा पदमनजी जन्मले, तिथेच १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि या धर्मांतराची हकीकत त्यांनी पुढे ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात सांगितली. घाट उतरून गोव्यात गेले की राशोल. तिथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. उत्तरेला निपाणी ओलांडली की कोल्हापूर. तिथल्या मिशन छापखान्यातून १९०७ साली जे. हेन्री लॉर्ड या अँग्लिकन मिशनऱ्याचे भारतातील आणि पूर्वेकडील यहुद्यांवरचे इंग्रजी पुस्तक बाहेर पडले.

तिन्ही लेखक ख्रिस्ती. तिघांच्याही मागे ख्रिस्ती धर्माचा सर्वांत जुना प्रश्न उभा आहे. ज्या यहुदी धर्माच्या पोटी आपण जन्मलो, त्याच्या ग्रंथाचे, त्याच्या नियमशास्त्राचे आणि अजूनही ते पाळणाऱ्या माणसांचे काय करायचे?

युरोपात या प्रश्नावर शतकानुशतके वाद झाले आणि माणसेही मेली. मराठी मुलखात त्याला निराळे वळण लागले, कारण इथे उत्तर द्यायला मराठी बोलणारे यहुदी हजर होते. ते कोकणातले बेने इस्राएल. मिशनऱ्यांची पत्रे आणि अहवाल, कोचीनच्या व्यापाऱ्याचे एक पत्र, मराठी-हिब्रू प्रार्थनापुस्तके आणि बेने इस्राएलांनी स्वतः लिहिलेला इतिहास, असे बरेच कागद शिल्लक आहेत. ते ओळीने लावले की एक गोष्ट ठसठशीत दिसते. मिशनऱ्यांनी मराठी यहुद्यांच्या हाती त्यांचाच ग्रंथ ठेवला, त्यात त्यांना येशू सापडेल या आशेने. त्यांनी तो ग्रंथ मनापासून वाचला आणि ते अधिक जाणते यहुदी झाले.

वादाचे मूळ

येशू यहुदी होता, त्याचे पहिले शिष्य यहुदी होते आणि त्यांचे पवित्र ग्रंथही यहुद्यांचेच होते. इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले. त्यानंतरच्या काही पिढ्यांत दोन्ही वाटा हळूहळू वेगळ्या झाल्या. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने एक टोकाचा मार्ग सुचवला. यहुद्यांचा देव वेगळा, येशूचा पिता वेगळा, म्हणून यहुद्यांचे ग्रंथ ख्रिस्त्यांनी टाकून द्यावेत, असे तो म्हणाला. चर्चने मार्सियनलाच बाहेर काढले आणि ग्रंथ ठेवून घेतले. मात्र त्यांचे वाचन बदलले. मोशेचे नियम, दाविदाची स्तोत्रे, यशयाची भविष्यवचने ही सगळी येणाऱ्या ख्रिस्ताची पूर्वसूचना आहे, असे मानून ती वाचली जाऊ लागली.

नात्यातली असमानता इथूनच सुरू होते. ख्रिस्ती धर्माला यहुदी ग्रंथावाचून उभे राहता येत नाही, कारण ख्रिस्ताच्या येण्याची साक्ष तो तिथूनच काढतो. यहुदी धर्माला नव्या कराराची गरज पडत नाही. म्हणून यहुदी माणसाने केवळ ‘मला हे पटत नाही’ म्हटले, तरी ते ख्रिस्ती पंडिताला झोंबत आले. ज्याच्या घरचा ग्रंथ, तोच त्याचा ख्रिस्ती अर्थ नाकारतो आहे! दुसऱ्या शतकाच्या मध्यात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने ट्रायफो नावाच्या यहुद्याशी झालेला संवाद लिहिला. १२६३ मध्ये बार्सिलोनात राजासमोर रब्बी नाहमानिडिस यांना ख्रिस्ती पक्षाशी वाद करायला उभे केले गेले. हजार वर्षांचे अंतर असूनही दोन्हीकडचा मुख्य प्रश्न तोच होता. मसीहा येऊन गेला, की यायचा आहे?

दोन्ही परंपरांत पुस्तकांचा क्रमसुद्धा वेगळा आहे. ख्रिस्ती बायबलातला जुना करार मलाखी संदेष्ट्यापाशी संपतो. मलाखीच्या अखेरीस देव एलिया संदेष्ट्याला पाठवील असे वचन आहे. पान उलटले की मत्तयाचे शुभवर्तमान लागते आणि त्यात बाप्तिस्मा करणारा योहान हाच येणारा एलिया असे सांगितले आहे. यहुदी बायबलात, म्हणजे तनाखमध्ये, मलाखी मध्येच येतो. शेवटी येतो इतिहासाचा ग्रंथ. त्यात पारसी राजा कोरेश बंदिवान इस्राएलांना सांगतो की तुमच्यापैकी ज्याला जायचे असेल त्याने यरुशलेमला वर जावे. तेच ग्रंथ एका क्रमाने वाचले तर ते नव्या कराराच्या दारात नेऊन सोडतात, दुसऱ्या क्रमाने वाचले तर परत यरुशलेमकडे वळवतात. एलियाचा हा मुद्दा कोकणात पुन्हा भेटणार आहे.

गोवा : ओवी आणि इन्क्विझिशन

मराठी भाषेत जुन्या कराराचे ख्रिस्ती वाचन पहिल्यांदा विस्ताराने आले ते ‘क्रिस्तपुराणा’त. स्टीफन्स हे इंग्लंडचे जेझुइट, १५७९ मध्ये गोव्याला आले आणि १६१९ मध्ये वारले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुन्या पुराणांच्या जागी वाचायला काहीतरी हवे होते. ती गरज ओळखून त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. ग्रंथाचे दोन भाग आहेत, ‘पैलें पुराण’ आणि ‘दुसरें पुराण’. पहिल्यात ३६ अवस्वर म्हणजे अध्याय, दुसऱ्यात ५९. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतची कथा आहे, दुसऱ्यात येशूचे चरित्र. ग्रंथाचे मूळ पोर्तुगीज शीर्षक मात्र या दोन्ही भागांना येशू ख्रिस्ताच्या जगात येण्यावरचे विवेचन म्हणते. म्हणजे अब्राहाम, मोशे, दावीद यांच्या कथाही ख्रिस्ताच्या आगमनाचाच पूर्वार्ध ठरतात. मार्सियनला नाकारून चर्चने जो तोडगा काढला होता, तो चौदा शतकांनी मराठी ओवीत उतरला.

या ग्रंथाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा आवृत्त्या निघाल्या. आज आपण जो पाठ वाचतो तो जुन्या हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळुरात जोसेफ सालढाणा यांनी छापला. लंडनमध्ये जतन केलेली देवनागरी प्रतही अभ्यासकांना उपयोगी पडली. लॉर्डचे कोल्हापुरी पुस्तक आणि सालढाणांची मंगळुरी आवृत्ती दोन्ही एकाच वर्षीची.

ओव्या लिहिल्या जात होत्या त्याच गोव्यात त्या प्रश्नाचे दुसरे उत्तरही अमलात होते. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, स्थापना झाली. तिचा पहिला रोख नवख्रिस्त्यांवर होता, म्हणजे पोर्तुगालमध्ये ज्यांच्या पूर्वजांना बळाने बाप्तिस्मा दिला गेला त्या यहुदी घराण्यांवर. मोशेचे नियमशास्त्र ख्रिस्ताने पूर्ण केले, म्हणून बाप्तिस्म्यानंतर ते पाळणे हा धर्मद्रोह, असे चर्चचे म्हणणे होते. शनिवारी काम न करणे, त्या दिवशी स्वच्छ कपडे घालणे, डुकराचे मांस टाळणे ही त्या द्रोहाची लक्षणे म्हणून जाहीर केली जात.

गोव्याच्या इन्क्विझिशनचे बहुतेक दप्तर नष्ट झाले. तरी १६२३ साली जुवांव देलगाडो फिगेइरा या अधिकाऱ्याने तयार केलेली सुमारे ३,८०० खटल्यांची सूची लिस्बनमध्ये टिकली आहे. लिस्बनच्या कागदांतूनच गार्सिया द ओर्ता यांच्या घराची कथाही कळते. ओर्ता हे अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी जाणारे नामवंत वैद्य. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. १५६८ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जाळण्यात आले. तिच्या जबानीत भावाचेही नाव आले होते. १५८० मध्ये ओर्तांच्या अस्थी उकरून त्याही जाळल्या गेल्या. स्टीफन्स गोव्यात उतरून त्या वेळी एक वर्ष झाले होते.

कोकण : ग्रंथाविना टिकलेला धर्म

गोव्याच्या उत्तरेला, पोर्तुगीज रेवदंड्याच्या आसपासच्याच गावांत, तेलाचे घाणे चालवणारी काही कुटुंबे शनिवारी घाणा बंद ठेवत. शेजारी त्यांना शनवारतेली म्हणत. गोव्यात ज्या गोष्टीसाठी माणूस जाळला जाई, ती इथे शेजाऱ्यांना तेल्याची एक जात ओळखायची खूण वाटत होती. हे घडू शकले ते दोन कारणांनी. या कुटुंबांनी कधी बाप्तिस्मा घेतला नव्हता, म्हणून ती इन्क्विझिशनच्या कक्षेबाहेर होती. शिवाय त्यांची बहुतेक गावे पोर्तुगीज हद्दीबाहेर, निजामशाही, जंजिऱ्याचे सिद्दी आणि मराठे यांच्या अमलाखाली होती.

त्यांच्याविषयीचा सर्वांत जुना पाश्चात्त्य उल्लेख १७३८ सालच्या एका पत्रात आहे. दक्षिणेत काम करणाऱ्या डॅनिश-हाले मिशनचे सार्टोरियस यांनी लिहिले की सुरत, राजापूर या भागांत स्वतःला बेने इस्राएल म्हणवणारे लोक आहेत. त्यांच्याकडे ग्रंथ नाही, त्यांना फक्त ‘शेमा’ येते. ‘शेमा’ म्हणजे ‘हे इस्राएला, ऐक’ अशी सुरू होणारी, देव एकच आहे अशी ग्वाही देणारी प्रार्थना. हे पत्र ऐकीव माहितीवर लिहिलेले आहे, म्हणून एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. पण तीस वर्षांनी त्याला दुजोरा मिळतो. १७६८ मध्ये कोचीनचे यहुदी व्यापारी इझेकिएल राहाबी यांनी हॉलंडमधल्या तोबियास बोआस यांना लिहिलेल्या पत्रात मराठ्यांच्या मुलखात विखुरलेल्या बेने इस्राएलांचे वर्णन आहे. ते तेल गाळतात, काही जण शिपाईगिरी करतात, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा पाळतात आणि ‘शेमा’ म्हणतात. एक साक्षीदार ख्रिस्ती, दुसरा यहुदी. दोघांची ओळख नाही, दोघांचे हेतू वेगळे, आणि तरी मुख्य तपशील जुळतो. इतिहासकाराला यापेक्षा भक्कम आधार क्वचितच मिळतो.

समाजाची स्वतःची आठवण याहून मागे जाते. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून वंश वाढला, अशी ती परंपरा. पुढे दावीद राहाबी नावाचा कोणी यहुदी आला. त्याने बायकांसमोर तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवले असलेलेच मासे निवडले, तेव्हा त्याची खात्री पटली. या राहाबीचा काळ समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर बरेच मागे नेतात, तर इतर अभ्यासक त्याला इझेकिएल राहाबींचे पुत्र दावीद मानतात. ही परंपरा तारखेसाठी कच्ची आहे. पण समाजाला आपली ओळख कशात दिसत होती, हे ती नेमके सांगते. ओळख ताटात होती, वारात होती, आठव्या दिवसाच्या सुंतेत होती. सणांची नावेही घरची होती. नवीन वर्षाला नव्याचा सण, प्रायश्चित्ताच्या उपवासाला दारफाळणीचा सण, पुरीमला होळीचा सण म्हणत.

नवस फेडताना, लग्नात, नव्या घरात पाऊल टाकताना मलिद्याचे ताट मांडले जाई. त्यात पोहे, खोबरे, साखर, फळे असत, आणि ‘एलियाहू हन्नबी’चा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, धावा होई. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलिया प्रकट झाला आणि त्याच्या रथाच्या खुणा तिथल्या खडकावर राहिल्या, अशी श्रद्धा आजही आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणे एलिया योहानाच्या रूपाने येऊन गेला. कोकणातल्या यहुद्यांच्या लेखी तो अजून यायचा होता, आणि तोवर मलिद्याचे ताट त्याच्यासाठीच मांडले जात होते. ग्रंथ हाती नसताही ते वादाच्या कोणत्या बाजूला उभे होते, हे या एका विधीतून कळते.

ग्रंथ येतो

अठराव्या शतकात बेने इस्राएल मुंबईत आले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिरले. सॅम्युएल इझेकिएल दिवेकर, म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, हे त्यांतले एक अधिकारी. टिपूविरुद्धच्या लढाईत ते कैद झाले. सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन असा नवस त्यांनी केला, असे परंपरा सांगते. १७९६ मध्ये मुंबईत त्यांनी ‘शआर हारहमीम’ हे सिनगॉग उभे केले.

१८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. त्यांनी मराठी शाळा काढल्या. मिशनच्या वृत्तांतांत तिथे शिकणाऱ्या इस्राएली मुलांचा आणि शिकवणाऱ्या इस्राएली पंतोजींचा उल्लेख येतो. मराठी बायबलची छपाई याआधी सेरामपूरला विल्यम केरी आणि पंडित वैजनाथ शास्त्री यांनी सुरू केली होती. मत्तय १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये निघाला. अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये मुंबईत नवा करार नव्याने छापला आणि पुढच्या काळात जुन्या कराराचे भागही मराठीत आले. कोकणातल्या तेली कुटुंबातल्या मुलाला अब्राहामाशी झालेला करार, सुंतेची आज्ञा, शब्बाथ आणि पर-खवल्यांचे मासे हे सारे आता मराठीत वाचता येऊ लागले. आपण आजवर सवयीने पाळले ते इथे लिहिलेले आहे, हे त्याला कळले. मिशनऱ्यांच्या शिकवणीप्रमाणे ते नियम ख्रिस्ताने पूर्ण केले होते. पण उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात तोच करार पिढ्यान्‌पिढ्यांसाठी सर्वकाळचा आहे. वाचणाऱ्याला दोन्ही बाजू दिसत होत्या.

१८२९ मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन मुंबईत आले. बेने इस्राएलांविषयी सर्वांत जास्त लिहिणारे मिशनरी तेच. त्यांनी या समाजाची माहिती गोळा केली, शाळेत हिब्रू शिकवली आणि १८३२ मध्ये खास त्यांच्यासाठी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून समजावणारे पुस्तक छापले. हे लोक ‘यहुदी’ म्हणवून घ्यायला नाखूष आहेत, ‘इस्राएल’ म्हणवतात, असे त्यांनी नोंदवले. त्यांच्यातल्या प्रचलित नावांकडेही विल्सननी लक्ष दिले. यावरून हे अश्शूरांनी परागंदा केलेल्या दहा हरवलेल्या वंशांपैकी असावेत, असा त्यांचा कल होता.

या तर्कामागे धर्मशास्त्र होते. पौलाने रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात अखेर सर्व इस्राएल तारले जाईल असे लिहिले आहे. एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटिश आणि इंग्लिश प्रॉटेस्टंटांना त्या वचनाने भारले होते. १८३९ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चने यहुद्यांची स्थिती पाहायला पॅलेस्टाइनला पाहणी मंडळ पाठवले. विल्सनही १८४३ मध्ये मायदेशी जाताना तिकडून गेले आणि त्या प्रवासावरच्या १८४७ च्या ग्रंथात त्यांनी बेने इस्राएलांनाही जागा दिली. या मंडळींना यहुदी माणूस तुच्छ वाटत नव्हता. तो वचनाचा वारस वाटत होता. मात्र त्याचा वारसा तो ख्रिस्ती झाल्यावरच सफल होईल, असेही ते मानत होते. युरोपातला यहुदी तालमुदामुळे आणि रब्बींच्या परंपरेमुळे अडून बसला आहे, अशी त्यांची समजूत होती. कोकणात तालमुद नव्हता, रब्बी नव्हते. म्हणून निव्वळ ग्रंथ हाती दिला की इथला यहुदी त्यात ख्रिस्त ओळखेल, ही आशा त्यांना अगदी रास्त वाटली.

उत्तर

आशा फळली नाही. बेने इस्राएलांपैकी ख्रिस्ती झालेले अगदी मोजके राहिले, हे मिशनऱ्यांचे आणि समाजाचे असे दोन्ही बाजूंचे लेखन मान्य करते.

याचे पहिले कारण शिक्षकांत आहे. १८२० च्या दशकापासून कोचीनचे यहुदी मुंबईत आणि कोकणात येऊन हिब्रू, प्रार्थना आणि विधी शिकवू लागले. त्यांतले शलोमो सालेम शुर्राबी हे नाव समाजाने कृतज्ञतेने जपले आहे. मिशनच्या शाळेत अक्षर आणि व्याकरण मिळाले, कोचीनकरांकडून त्या अक्षराची उपासना मिळाली. गंमत अशी की कोचीनमधूनच आलेले, पण बाप्तिस्मा घेतलेले मायकेल सार्गोन हेही मिशनसाठी बेने इस्राएलांच्या शाळा चालवत होते. म्हणजे एकाच गावचे दोन यहुदी एकाच समाजाला तोच ग्रंथ दोन अर्थांनी शिकवत होते. समाजाने अर्थ निवडला. रेवदंड्याला १८४२ मध्ये, अलिबागला १८४८ मध्ये, पनवेलला १८४९ मध्ये सिनगॉग उभे राहिले. विल्सनचे व्याकरण छापल्यानंतरच्या सतरा वर्षांतच ही तिन्ही उभी राहिली, हे लक्षात घेतले पाहिजे.

दुसरे कारण, समाजाने छापखाना स्वतःच्या हाती घेतला. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह निघाली. १८७४ च्या पुण्याच्या हग्गादेत चित्रे आहेत, आणि बेखमीर भाकरी करणाऱ्या त्यातल्या बायका लुगड्यात आहेत. ख्रिस्ती परंपरेत वल्हांडणाचे जेवण येशूच्या अखेरच्या भोजनात विलीन झाले आणि वल्हांडणाचा कोकरा म्हणजे ख्रिस्त असा अर्थ रूढ झाला. पुण्याच्या पुस्तकात ती रात्र मिसरच्या गुलामीतून सुटकेचीच राहते, आणि ती सुटका मराठी घरात घडताना दिसते. वादाचे एक वाक्यही न लिहिता दिलेले हे उत्तर आहे.

या कामाचे मोठे मानकरी जोसेफ इझेकिएल राजपूरकर. १८३४ मध्ये जन्मलेले राजपूरकर मुंबईच्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनचे दीर्घकाळ मुख्याध्यापक होते. मुंबई विद्यापीठाचे ते हिब्रूचे परीक्षक आणि फेलो झाले. विल्सनही १८६८ मध्ये त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले होते. ज्या हिब्रूला मिशनने मुंबईत शाळा मिळवून दिली, तिची परीक्षा आता एक बेने इस्राएल घेत होता. राजपूरकरांनी यहुदी प्रार्थना आणि उपासनेची सुमारे वीस पुस्तके मराठीत आणली. ‘शेमा’ला अर्थ होताच, आता तो मराठीत घरोघर वाचता येऊ लागला. देव एकच, त्याला दुसरा नाही. त्रैक्याचा सिद्धान्त ऐकणाऱ्या बेने इस्राएलाकडे हे पूर्वापार वाक्य होते आणि आता त्याच्यामागे ग्रंथही होता.

कीर्तनातही हेच घडले. अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळीत कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले होते. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएलांनी आपली कीर्तने सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने ओवी, साकी, दिंडीत गायली जाऊ लागली. भावांनी विकलेला योसेफ हा ख्रिस्ती परंपरेत शिष्याने धरून दिलेल्या येशूची पूर्वछाया ठरतो. इस्राएली कीर्तनात तो इस्राएलाचाच पुत्र आहे, आणि त्याची कथा पुढे मोशेकडे आणि सिनायकडे जाते. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, मृदंग सारे तेच. फरक होता तो कथा कुठे पोचते यात.

यशयाचा त्रेपन्नावा अध्याय हा जस्टिनपासूनचा ख्रिस्ती पक्षाचा मुख्य आधार. दुःख सोसणारा तो सेवक येशू, असे ख्रिस्ती वाचन. तो सेवक म्हणजे राष्ट्रांमध्ये मार खाणारी इस्राएलाची प्रजाच, असे मध्ययुगीन यहुदी भाष्यकारांचे वाचन. बाबा पदमनजी बेळगावच्या मिशन शाळेतून मुंबईत विल्सनांच्या संस्थेत शिकायला गेले, आणि पुढे त्यांनी नव्या करारावर मराठीत टीकाग्रंथ लिहिला. अशा पुस्तकांतून ख्रिस्ती अर्थ मराठी वाचकापर्यंत पोचत होता. राजपूरकरांच्या पुस्तकांतून यहुदी अर्थ पोचत होता. दोघेही एका पिढीचे, दोघांची भाषा मराठी. ट्रायफो आणि जस्टिन ग्रीकमध्ये बोलले, नाहमानिडिसला राजाच्या दरबारात बोलावे लागले. मराठीत हा वाद राजाज्ञेशिवाय, शाळेच्या फळ्यावर आणि छापील पानावर झाला.

कागदांची पारख

या साऱ्या साक्षी सारख्या मोलाच्या नाहीत. मिशनऱ्यांचे अहवाल बोस्टन आणि एडिंबरोच्या वर्गणीदारांसाठी लिहिलेले आहेत. शाळेतल्या प्रत्येक इस्राएली मुलात त्यांना होतकरू ख्रिस्ती दिसतो. म्हणून आकडे आणि दिनक्रम यांसाठी ते उपयोगी पडतात, मुलाच्या मनात काय होते याची साक्ष म्हणून ते अपुरे आहेत. केहीमकरांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून झाला आणि ते वारल्यानंतर, १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. आपला समाज अस्सल यहुदी आहे हे जगातल्या यहुद्यांना पटवणे हा त्यांचा एक हेतू होता. म्हणून प्राचीनतेच्या बाबतीत त्यांना सावधपणे वाचावे लागते.

पण साक्षीदार स्वतःच्या हेतूविरुद्ध काही कबूल करतो, तेव्हा ती कबुली जड ठरते. केहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली मुलांसाठी वेगळी शाळा काढली. मिशनच्या शाळांना पर्याय उभा करणारा हा माणूस. तरी अमेरिकन मिशन आणि विल्सन यांनी मराठी बायबल आणि हिब्रू शिक्षण देऊन आपल्या समाजावर उपकार केले, असे त्यांनी आपल्या इतिहासात मोकळेपणाने नोंदवले. दुसऱ्या बाजूला, लॉर्ड आयुष्यभर याच समाजात धर्मप्रसार करत राहिले, आणि त्यांच्या कोल्हापुरी पुस्तकात समाज वर्णिला आहे तो यहुदी म्हणूनच. दोन विरुद्ध बाजूंचे हे दोन कागद एकाच निष्कर्षाला येतात.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. तिथे त्यांच्या यहुदीपणावर शंका घेतली गेली. आंदोलन झाले, आणि १९६४ मध्ये तिथल्या धर्मपीठाला ते सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर करावे लागले. २८ ऑक्टोबर १९६५ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणेने येशूच्या मृत्यूचा दोष सर्व यहुद्यांवर लादणे नाकारले आणि देवाने त्यांना दिलेली वचने अजून कायम आहेत असे मान्य केले. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.

व्हॅटिकनने १९६५ साली जे मान्य केले, ते कोकणातल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकातच आपल्या वागण्यातून सांगितले होते. आमचा करार संपलेला नाही, आणि आमचा ग्रंथ आम्ही आमच्या अर्थाने वाचू. मिशनऱ्यांचा हेतू फसला, पण त्यांचे काम वाया गेले नाही. ज्याचा ग्रंथ त्याला त्याच्या भाषेत मिळाला, ही गोष्ट हेतूपेक्षा मोठी ठरली. गोव्यात सक्तीने माणसे जाळली आणि श्रद्धा मात्र लपून राहिली. मुंबईत शाळेने आणि छापखान्याने माणसे वाचती केली आणि त्यांची श्रद्धा उघडपणे उभी राहिली. धर्माधर्मांतला वाद अटळ असेल, तर तो कसा व्हावा याचे मराठीतले उदाहरण हे आहे.

त्या उदाहरणाचे कागद अजून पुरते गोळा झालेले नाहीत. बेळगावच्या लंडन मिशनचे काम १८२० ला सुरू झाले आणि १९०४ मध्ये ते अमेरिकन मेथडिस्टांकडे गेले. या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांतली मराठी छापील पुस्तके, पत्रके, शाळेची बुके बेळगाव, निपाणी, कोल्हापूरच्या जुन्या घरांत, देवळांत आणि चर्चच्या कपाटांत अजून सापडू शकतात. ज्यांच्याकडे अशी पुस्तके असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. जवळच्या वाचनालयाला किंवा महाविद्यालयाला दाखवावीत. बेने इस्राएल कुटुंबांकडे मराठी हग्गादा, प्रार्थनापुस्तके, कीर्तनाची बाडे असतील तर त्यांच्या छायाप्रती तरी करून घ्याव्यात. या वादाचा पुढचा इतिहास त्याच कागदांतून लिहावा लागेल.